खांदेरीची बत्ती: एकदा फसलो, दुसऱ्यांदा नीट बघून आलो

आधीच सांगतो, पाचपैकी साडेचार. अर्धा कुठे कापला ते शेवटी सांगतो. आणि हा रिव्ह्यू किल्ल्याचा कमी आणि बत्तीचा जास्त आहे, कारण खांदेरीवर जाणारी निम्मी माणसं तोफेजवळ फोटो काढतात, वेतोबाला नारळ देतात आणि लाईटहाऊसकडे लांबूनच बघून परत होडीत बसतात. मीसुद्धा पहिल्या वेळी त्यातलाच. म्हणजे त्यातलाही नाही, मला तर बेटावर उतरवलंच नव्हतं, ते येतंच पुढे.

माझं आजोळ अलिबागजवळच्या किहीमचं. संध्याकाळी पुळणीवर खेळत असायचो तेव्हा घड्याळ कोणाकडे नसायचं, आजी वाडीच्या गडग्यावरून ओरडायची, "बत्ती पेटली रे, आत या आता". समुद्रात दक्षिणेकडे ते बेट, त्यावर दिवा लागला की आमचा खेळ संपला. आजीने आयुष्यभर त्याला दीपगृह म्हटलं नाही की लाईटहाऊस म्हटलं नाही, नुसती बत्ती. कान्होजी आंग्रे द्वीप हे बेटाचं आताचं नाव आहे, १९९८ साली दिलेलं, पण थळ-किहीमला कोणीही तुम्हाला खांदेरीच म्हणेल. इंग्रजांची जीभ तर खांदेरी-उंदेरीवर अशी घसरली की त्यांच्या कागदात त्याचं हेनरी-केनरी झालंय, ऐकून वाटतं दोन भाऊ आहेत आणि वांद्र्याला बेकरी चालवतात.

तर चाळीस वर्षं लांबून बघितलेली ती बत्ती जवळून बघायची हे डोक्यात होतं. गेल्या वर्षी डिसेंबरात ऑफिसच्या एकाने एक पॅकेज पाठवलं, जाहिरातीत ठळक लिहिलेलं "सी फोर्ट आणि हेरिटेज लाईटहाऊस व्हिजिट", नाश्ता, जेवण, गाईड सगळं आत. नाव घेत नाही, घेऊन काय करू, पैसे गेले ते गेले. आम्ही चौघं गेलो. स्पीडबोट मस्त होती, गाईड पोरगा पण गोड बोलणारा, पण बोटीने खांदेरीला एक चक्कर मारली, उंदेरीला अर्धी मारली आणि "भरतीमुळे उतरता येत नाही" म्हणून परत. आता धक्का असलेल्या बेटावर भरतीत उतरता येत नाही हे मला तरी नवीन होतं, आणि आमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या होडीतून माणसं टुणटुण उतरत होती. वर त्या गाईडने बायकोला सांगितलं की हे लाईटहाऊस शिवाजी महाराजांनी बांधलं. मी म्हटलं बाबा, महाराजांनी किल्ला बांधला, १६७९ साली, आणि बत्ती बांधली इंग्रजांनी, १८६७ साली, मध्ये जवळजवळ दोनशे वर्षं आहेत. तो म्हणाला "सर, लोकांना डिटेल नको असतं". असेल बुवा.

दुसऱ्या वेळी फेब्रुवारीत शहाणपण केलं. मांडव्याला रो-रोने गाडी घेऊन उतरलो, थेट थळच्या बाजारात गेलो, तिथे धक्क्यावर दोन-तीन ठिकाणी विचारलं आणि एका नाखव्याची होडी ठरवली. भाडं माणशी नसतं, अख्ख्या होडीचं असतं हे लक्षात ठेवा, त्यामुळे दोघंच गेलात तर खिसा हलका होतो, आम्ही ८ जण होतो तर माणशी पाचशेच्या आत पडलं. घासाघीस थोडी करा, फार करू नका, डिझेल त्यांनाही फुकट मिळत नाही. वेळ मात्र त्यांची, आपली नाही. मी सांगत होतो दहाला निघू, नाखवा म्हणाला, "दादा, सुकती लागली का होरी गालात बसंल, आठला या." म्हणजे ओहोटी लागली की होडी गाळात बसेल. आठला गेलो तर स्वतः नऊला आला. अर्ध्यातला पाव इथे कापलाय.

थळपासून खांदेरी साधारण पाच किलोमीटर. वाटेत आधी उंदेरी लागतं, किनाऱ्याच्या अगदी नाकासमोर, एक-सव्वा किलोमीटरवर. आणि इथे डोळे उघडे ठेवा, कारण पुढे खांदेरीवर जे बघणार त्याची किंमत उंदेरी बघितल्याशिवाय कळत नाही. उंदेरीला धक्का नाही. लाट बघून खडकावर उडी मारायची, शेवाळावर पाय सरकला तर सरकला. तट उभा आहे, तोफा पडल्यात, पण आत झाडी माजलेली, वाट आपणच काढायची. दोन्ही किल्ले एकाच काळातले बरं का, महाराजांनी खांदेरी बांधायला घेतलं म्हणून जंजिऱ्याच्या सिद्दीने लगेच १६८० च्या सुरुवातीला उंदेरी धरलं, म्हणजे वयात सहा महिन्यांचासुद्धा फरक नसेल. मग एक इतका बरा आणि एक इतका उजाड का? मला तरी एकच उत्तर दिसतं, खांदेरीवर बत्ती होती. बत्ती होती म्हणून माणूस राहायला हवा, माणूस राहतो म्हणून त्याला पाणी, रेशन, रॉकेल पोचवायला धक्का हवा, धक्क्यापासून टेकडीवर जायला वाट हवी, वाट हवी म्हणजे झाडी तोडायला हवी. दीडशे वर्षं कोणी ना कोणी तिथे रोज संध्याकाळी जागेवर होतं. उंदेरीवर ते कोणी नव्हतं.

आमच्या ग्रुपमधला एक किल्लेवेडा आहे, त्याला हे अजिबात पटलं नाही. त्याचं म्हणणं, इंग्रजांनी आपल्या किल्ल्याच्या डोक्यावर आपली काठी रोवली, ती जपायची कशाला, किल्ला जपा. होडीत यावरून चांगलं वाजलं. त्याचा मुद्दा अगदीच चूक नाही. १६७९ च्या पावसाळ्यात महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारीने इथे दगड रचायला सुरुवात केली तेव्हा मुंबईच्या इंग्रजांची झोप उडालेली, कारण मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला म्हणजे येणारं-जाणारं प्रत्येक गलबत त्यांच्या नजरेखालून. इंग्रजांनी नाकेबंदी केली, १८ ऑक्टोबरला समुद्रात लढाई झाली, मराठ्यांची लहान गलबतं खूप आणि इंग्रजांची मोठी जहाजं थोडी, त्यात इंग्रजांचं 'डव्ह' नावाचं गलबत मराठ्यांच्या हाती लागलं. बाकी 'रिव्हेंज' नावाच्या मोठ्या जहाजाच्या तोफांनी मराठ्यांना मागे रेटलं हेही खरं, पण रात्रीच्या अंधारात होड्या बेटावर सामान नेऊन पोचवतच राहिल्या आणि इंग्रजांची मोठी जहाजं वारा नसला की जागेवर ठप्प. शेवटी जानेवारी १६८० मध्ये त्यांनी तह करून पाय काढता घेतला. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात १७१८ साली इंग्रज परत आले, परत हात हलवत गेले. ज्या जागेवरून त्यांना हाकललं तिथेच १८८ वर्षांनी त्यांनी दिवा लावला, आणि कारण तेच, दक्षिणेकडून मुंबईला येणारं जहाज इथूनच जातं. महाराजांनी जागा हेरली ती बरोबरच होती, असं मी त्याला म्हटलं तेव्हा तो जरा गप्प झाला. जरा.

बेटाला दोन टेकड्या आहेत, मध्ये सखल भाग, धक्का तिथेच आडोशाला. दक्षिणेकडच्या टेकडीवर बत्ती. उतरल्यावर आधी वेतोबा. मोठीच्या मोठी शिळा आहे, कोळ्यांचं फार जागृत ठाण. नाखव्याने होडी बांधली न बांधली तोच चपला काढून आत जाऊन आला, आम्हाला काही बोलला नाही पण आम्हीही मुकाट काढल्या. वाटेत ती वाजणारी शिळा आहे, दगडाने ठोकली की पितळेच्या घागरीसारखा आवाज येतो, आमच्या पोरांनी ती इतकी बडवली की शेवटी मीच ओरडलो, शेकडो लोक रोज ठोकत राहिले तर तिथे खड्डेच पडणार ना, आणि पडलेतच. बुरुजावर गाड्यावर चढवलेल्या तोफा आहेत, चाकांसकट, अशा मूळ तोफगाड्यासकट तोफा आपल्याकडे फार कमी ठिकाणी शिल्लक राहिल्यात, लाकूड असतं तर कधीच कुजलं असतं, लोखंडी म्हणून वाचले. तटाच्या बाहेर पाण्यात मोठमोठे दगड टाकून ठेवलेत, त्यावर कालवं इतकी धारदार की शत्रूला अनवाणी उतरणं अशक्य व्हावं. मी काही शत्रू नव्हतो तरी फोटोच्या नादात तिथे पाय टेकवला आणि अंगठा कापून घेतला. सँडल घाला, स्लीपर नको.

आता बत्ती. वर जायच्या परवानगीचं आधीच बघून ठेवलं होतं, तुम्हीही तसंच करा, तिथे जाऊन "जरा सोडा की" करू नका, ते चालू दीपगृह आहे, बागेतली घसरगुंडी नाही. खाली बैठी इमारत आणि तिच्यातून वर निघालेला अष्टकोनी मनोरा, पांढरा. हा पांढरा रंग शोभेचा नाही. रात्री दिवा ओळखायचा तसा दिवसा मनोरा ओळखायचा असतो, म्हणून आसपासच्या मनोऱ्यांचे रंग वेगळे ठेवतात, मुंबईत कुलाब्याच्या पुढचा प्राँग्ज दीपगृहाचा मनोरा बघा, १८७५ चा, त्याला पट्टे आहेत, ते काय कोणाला हौस आली म्हणून नाहीत. रात्रीचंही तसंच, झोत किती सेकंदांनी फिरून येतो त्यावरून खलाशी ओळखतो की ही कुठली बत्ती, म्हणजे आसपासच्या प्रत्येकीची लखलखण्याची लय वेगळी. आमच्या आजीला हे कोणी शिकवलं नव्हतं पण ती मोजायची. झोप येत नसली की खाटेवर पडून दोन झोतांच्या मध्ये रामरक्षेची किती अक्षरं होतात ते मोजायची.

जिना गोल, अरुंद, भिंत गार. बाहेर फेब्रुवारीतही चटका होता आणि आत देवळाच्या गाभाऱ्यासारखं. मी भिंतीला हात लावला तर बोटांना पांढरी पूड लागली आणि सवयीने जिभेला लावून बघितली, खारट. म्हणजे मीठ भिंतीच्या आतून बाहेर येतंय. माझा धंदा बांधकामाचा, त्यामुळे इथे मी जरा जास्त वेळ थांबलो, बायको वर पोचून हाका मारत होती. जुन्या दगडी बांधकामात चुना असतो, चुना श्वास घेतो, ओल आत आली तरी हळूहळू बाहेर जाते. त्यावर आपण हौसेने सिमेंटचा गिलावा केला आणि वरून ऑइल पेंट फासला की ओल आत कोंडते, मीठ आतच सुकतं, फुगतं आणि दगडाची साल काढतं. हे फक्त इथलं नाही हं, कोकणातली अर्धी देवळं आणि वाडे असेच सिमेंटने मारलेत, हेतू चांगलाच असतो सगळ्यांचा. समुद्रातल्या मनोऱ्याला तर रोज खाऱ्या वाऱ्याचा मार, लोखंडी कठडा म्हणू नका, बिजागरी म्हणू नका, वर्षभर लक्ष दिलं नाही की बिस्किटासारखं तुटतं. जीर्णोद्धार एकदा केला, फीत कापली, झालं, असं इथे चालतच नाही, रोज कोणीतरी फडकं मारणारा माणूस लागतो.

वर गॅलरीत आलो आणि मग मी पण गप्प. उत्तरेला मुंबई, धुरकट पण उंच इमारती ओळखू येत होत्या. पूर्वेला थळची खतफॅक्टरीची चिमणी, मागे कनकेश्वराचा डोंगर, खाली उंदेरी हातात मावेल एवढी, आणि दक्षिणेला अलिबागकडचा किनारा वळत गेलेला. मोठी मालवाहू जहाजं लांब ओळीत उभी. तेलाच्या जमान्यात अशा दीपगृहांत रात्रभर वात बघायची, काच पुसायची, जिथे भिंग फिरतं असेल तिथे वजनावरच्या यंत्राला चावी द्यायची, आणि पावसाळ्यात बोट आली नाही तर आली नाही, डाळ-तांदळावर काढायचे दिवस. भिंगाचं काम फार भारी असतं, फ्रेनेल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने काढलेली युक्ती, जाडजूड एकच भिंग करायच्या ऐवजी काचेच्या कड्या एकात एक बसवायच्या, म्हणजे वजन कमी आणि इकडेतिकडे फाकणारा सगळा उजेड एका पट्ट्यात समुद्राकडे. एवढासा दिवा मैलोनमैल दिसतो तो त्या काचेमुळे.

किल्लेवेड्याने वर उभं राहून विचारलं, आता प्रत्येक बोटीत जीपीएस आहे, मोबाईल आहे, मग हे लागतं कोणाला? मला वाटलं प्रश्न बरोबर आहे. उत्तर परत जाताना नाखव्याने दिलं, न विचारता. जाळी कुठे टाकता असं कोणीतरी सहज विचारलं तर म्हणाला, बाहेरच्या अंगाला जायचं, आणि बत्ती कनकेश्वराच्या डोंगरावर बसली का आपली जागा आली. म्हणजे दोन खुणा एका रेषेत. त्याच्या खिशात स्मार्टफोन होता, त्यावर आमचे फोटो पण काढून दिले, चांगले काढले, पण जागा तो अजून बत्तीवरूनच धरतो. आजोबा आणि बाप पण तिथूनच धरायचे म्हणाला.

किल्ल्याचं आता बरं होईल अशी आशा आहे, कारण जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यात खांदेरी आहे, रायगड-राजगडाच्या पंगतीत. नौदलाच्या पाणबुडीलाही हेच नाव आहे, आयएनएस खांदेरी, २०१९ मध्ये दाखल झालेली. पण वारशाच्या बातम्यांमध्ये बत्तीचं नाव मी शोधून शोधून दमलो. साहजिक आहे, यादी मराठ्यांच्या दुर्गांची आहे. भीती एवढीच वाटते की उद्या दिवा पूर्ण आपोआप चालायला लागला, सोलरवर, माणूस नको झाला, तर मग रोज फडकं मारणारं कोण? माणूस उठला की बेटाची उंदेरी व्हायला किती पावसाळे लागतात ते त्या शेजारच्या बेटावर बघून या. केंद्राने बऱ्याच दीपगृहांवर पर्यटन आणलंय, २०२४ मध्ये ७५ दीपगृहांवरच्या पर्यटन सोयींचं उद्घाटन झालं, ती कल्पना मला आवडते, फक्त पर्यटन म्हणजे आईस्क्रीमची गाडी आणि आय लव्ह खांदेरीचा बोर्ड होऊ नये. राहणारा माणूस राहिला पाहिजे, मग त्याचा पगार तिकिटातून निघो नाहीतर कशातून.

पब्लिकबद्दल न बोललेलं बरं पण बोलतो. तटाच्या दगडावर खिळ्याने नाव कोरणारा जो कोणी आहे, बाळा, तुझं आणि तिचं जमलं असो वा नसो, तो दगड ३४० वर्षं तुमच्याशिवाय छान होता. टाक्यात चिप्सची पाकिटं होती. गोड्या पाण्याची टाकी आहेत ती, समुद्राच्या मधोमध, त्यांच्यामुळे बेटावर माणूस राहू शकला. आमच्या पोरांनी दोन पिशव्या भरून कचरा आणला, होडीत जागा नव्हती तरी नाखव्याने ठेवून घेतला.

कामाचं: जून ते सप्टेंबर विसरा, समुद्र बंद. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. बेटावर खायला काही मिळत नाही, पाणी माणशी दोन लिटर न्या. भरती-ओहोटीची वेळ नाखव्याला विचारा, मोबाईलला नको. टोपी न्या, वर सावली नाही. म्हातारी माणसं धक्क्यापर्यंत आरामात येतील, जिना त्यांच्याने होणार नाही. पॅकेजवाल्याकडून जाणार असाल तर पैसे देण्याआधी एकच विचारा, "बेटावर उतरवणार की नुसतं फिरवणार?" आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या.

उरलेला पाव स्टार लाईफ जॅकेटांचा. ८ माणसांना ५ जॅकेटं होती, आणि त्यातल्या दोन जॅकेटांचे पट्टे तुटके. नाखव्याला म्हटलं तर हसला, "काय होत नाय". आमच्या आजीचं एक चुलत घर रामदास बोटीत गेलं, १७ जुलै १९४७, मुंबईहून रेवसला निघालेली बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली, त्यामुळे आमच्या घरात "काय होत नाही" हे वाक्य पाण्यावर चालत नाही. मी पोरांना तीन आणि बायकांना दोन घालायला लावली आणि येताना थळच्या धक्क्यावर त्याच्या पोराला बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या वेळी दहा घेऊन ठेव, चार पैसे जास्त देतो. हो म्हणालाय. दिवाळीनंतर परत जाणार आहे, या वेळी मामाला घेऊन, तेव्हा जॅकेटं मोजून इथेच अपडेट टाकतो.